चंद्राला सोळा, भाच्याला एकशेवीस

भाचेसुनेचा फोन आला तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजले होते. आवाज अगदी खाली. "मावशी, तुम्ही यंदा याच. ह्यांचं काहीतरी चाललंय."

'काहीतरी' म्हटल्यावर काय समजायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. लक्षणंही तीच. रात्री बारा-बारापर्यंत फोन घेऊन गॅरेजमध्ये बसणं. पार्सल घरी न मागवता मित्राच्या पत्त्यावर मागवणं. बँकेचे कागद लपवणं. आणि एकदा तर तिनं दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं : "काय रूप आहे यार! कडेपर्यंत स्वच्छ! आता जुनीकडं बघवत नाही."

मी तिकीट काढलं.

डॅलसच्या उत्तरेला त्यांचं घर. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी सवत पाहिली. काळी कुळकुळीत, सव्वा फूट लांब, किलोभर वजनाची, फोमच्या गादीवर निजवलेली. रायफलीवर बसवायची दुर्बीण! केवढ्याला, म्हणून विचारलं तर आधी त्यानं दार लावून घेतलं. साडेतीन हजार डॉलर. म्हणजे आपले तीन लाख. आणि जिच्यावर ही बसायची ती रायफल? बाराशेची. घोडा बाराशेचा आणि खोगीर साडेतीन हजारांचं. शिव शिव.

"शिकार करतोस का रे?"

"छे गं मावशी. गुरुवार असतो माझा."

म्हणजे हा मुलगा झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतो, आणि शनिवारी सकाळी उठून कागदाला भोकं पाडायला जातो. कधी कागद, कधी लोखंडाची पत्रा-थाळी. थाळीला लागलं की टण् असा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी हा सगळा संसार. हजार यार्डांवरची थाळी असेल तर गोळी सुटल्यापासून आवाज परत येईपर्यंत चार सेकंद जातात. त्या चार सेकंदांत ही माणसं श्वास घेत नाहीत. लग्नात अंतरपाट धरलेला असतानासुद्धा याच्या तोंडावर एवढी उत्कंठा नव्हती.

बरं, हा एकटा असता तर मी अंगारा लावला असता. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये बैठक भरते. पाच जण. चार मराठी, एक हैदराबादचा. मी चहा घेऊन गेले तर एकजण गंभीरपणे विचारतोय, "ग्लास कशी आहे?" मी म्हटलं, "कपच आणलेत रे, पेले हवेत का?" कुणी हसलं नाही. या मंडळींत ग्लास म्हणजे भिंगं. शब्द स्त्रीलिंगी, एकवचनी आणि पूजनीय. मुलगी बघायला गेल्यावर आपण घराणं विचारतो, तसं हे भिंगाचं कूळ विचारतात. नाव अमेरिकन आहे, पण ग्लास कुठली? जपानची? बरं, चालेल. जर्मन, ऑस्ट्रियन? वा! चीनची? मग कुणीतरी घसा खाकरतो आणि विषय बदलतो. यांची एक म्हणही आहे, की रडायचं ते एकदाच रडावं, म्हणजे पहिल्यांदाच महागातली घ्यावी. या घरात आतापर्यंत तीनदा रडून झालंय, असं भाचेसून म्हणते. आणि रडलं कोण, हे ती सांगत नाही.

आता भांडणं कशावरून होतात ते ऐका. एक तर ग्लासवरून, आणि दुसरं म्हणजे एमओएवरून. हे काय प्रकरण म्हणून मी खोदून-खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला, की अगंबाई, ही तर आपली पंचांगातली कला! अंश, कला, विकला. एका अंशाच्या साठ कला. शंभर यार्डांवर एक कला म्हणजे इंचाहून किंचित जास्त. दुर्बिणीच्या डोक्यावर आणि उजव्या अंगाला दोन गोल मुठी असतात, टरेट म्हणतात त्यांना. डोक्यावरची फिरवली की नेम वर-खाली सरकतो, बाजूची फिरवली की डावीकडं-उजवीकडं. एका क्लिकला पाव कला. तो क्लिकचा आवाजही ही माणसं डोळे मिटून ऐकतात. "हिचा क्लिक ऐक. आणि आता हिचा ऐक." सतारीच्या दुकानातसुद्धा एवढा विचार होत नसेल. यांच्यातही पुन्हा दोन पंथ, कलावाले आणि मिलवाले. मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. हिशेब दोन्हींत तोच निघतो, पण एका पंगतीत बसायचे नाहीत. तांबडा भारी का पांढरा, यावरून आमच्याकडं जे होतं तेच.

तर आमच्या भाच्याच्या दुर्बिणीत वर-खाली मिळून कला किती, तर एकशेवीस! चंद्रालासुद्धा देवानं सोळाच दिल्या हो. तोही त्यात भागवतो.

एवढ्या लागतात कशाला, हेही त्यानं मला समजावलं. मुलगा शिकवतो छान, वाया गेला तो पुढं. गोळी काही सरळ रेषेत जात नाही. बागेत पाइपनं पाणी मारताना लांबच्या कुंडीसाठी तोंड वर धरावं लागतं, तसंच. याची रायफल जुन्या वळणाची, तीनशे आठ मापाच्या काडतुसाची. हजार यार्डांवर जाईतो तिची गोळी तीस फुटांहून जास्त खाली येते. म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवर नेम धरायचा, तेव्हा ती तळमजल्यावरच्या थाळीला लागणार. तो उतार भरून काढायला चाळीसच्या आसपास कला वर फिरवाव्या लागतात. आणि इथंच मेख आहे. दुर्बिणीच्या डब्यावर एकूण साठ कला असं छापलेलं असलं, तर त्यातल्या तीसच वर जाण्याच्या, उरलेल्या तीस खाली जाण्याच्या. खालच्या कुणाला हव्यात? सातबाऱ्यावर साठ गुंठे, त्यातले तीस नदीच्या पात्रात, असला व्यवहार.

यावर उपाय काय, तर पाचर. खरंच पाचर हो! दुर्बिणीखाली वीस कलांनी पुढच्या अंगाला उतरती अशी एक धातूची पट्टी बसवायची. मग वरच्या तीसाच्या पन्नास होतात, खाली दहा राहतात, आणि हजार यार्डांचं काम भागतं. किंमत शंभर-दीडशे डॉलर. हे ऐकल्यावर मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो म्हणाला, "पण मावशी, आपली स्वतःची जागा असलेली बरी ना." फ्लॅट घेताना त्याचा बाप हेच म्हणाला होता.

या जागेचाच सगळा खेळ आहे, आणि इथं मात्र मला मनापासून रस वाटायला लागला, हे लपवत नाही. दुर्बिणीच्या मोठ्या नळीत एक छोटी नळी असते, उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली. टरेट फिरवली की स्क्रू तिला एका बाजूनं ढकलतो, समोरून स्प्रिंग रेटून धरते. म्हणजे कला म्हणजे आतल्या नळीला हलायला किती जागा, बस्स. इंचाच्या नळीत कमी, तीस मिलिमीटरच्या नळीत जास्त, चौतीसच्यात आणखी जास्त. आणि ही खोली गोल बरं का. छोटी नळी पार वर छताला टेकली की डावी-उजवीकडं सरकायला तिला जागा उरत नाही. चाळीतल्या माळ्यावर चढलेल्या माणसासारखी गत. दुसरी गोष्ट याहून खमंग. नळी टोकाला गेली की तुम्ही भिंगाच्या मधून न बघता कडेकडून बघायला लागता. आणि कडेला भिंग मधल्यासारखं गुणी नसतं. चित्र जरा मऊ पडतं, रंग फुटतात, उजेड उतरतो. म्हणजे कला हव्यात आणि रूपही हवं, असं एकाच पदरात मागणाऱ्याला भिंगं मोठी, नळी जाड, आणि पाकीट त्याहून जाड लागतं. दोन्ही गुण असलेलं स्थळ स्वस्तात येत नाही, हे मला नवीन नव्हतं.

बैठकीत एक काका येतात. सत्तरी पार, निवृत्त इंजिनिअर. त्यांचं ठाम मत, की चौतीस मिलिमीटरच्या जाड नळीतून उजेड जास्त येतो. भाचा चवताळला. उजेड ठरतो पुढच्या भिंगाच्या मापावर, मोठं किती करून बघता त्यावर, आणि भिंगावरच्या लेपावर. जाड नळीनं मिळते ती जागा. काका म्हणाले, मला तरी जास्त उजेड दिसतो. त्यावर काकू आतून ओरडल्या, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतोय तो!" काकांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलेली आहेत. छप्पन मिलिमीटरच्या दुर्बिणीतून पंचवीस पट मोठं बघताना डोळ्याशी येणारी उजेडाची चकती सव्वादोन मिलिमीटरची असते, म्हणजे छप्पनला भागिले पंचवीस. ती काय तरणा, काय म्हातारा, कुणाच्याही बाहुलीत मावते. मोठेपणा कमी करून पाचावर आणला तर चकती होते अकरा मिलिमीटरची. आणि माणसाची बाहुली अंधारात ऐन जवानीत सातपर्यंत उघडते, उतारवयात त्याहून कमी. बाकीचा उजेड काकांच्या गालावर पडतो.

उजेडावरून आठवलं, लेपाची गोष्ट मात्र खरी मोठी आहे. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के उजेड माघारी फिरतो. आत आठ भिंगं सुटी-सुटी असतील तर पृष्ठभाग सोळा, आणि अर्धा उजेड वाटेतच गायब. १९३५ साली जर्मनीत झाइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला नावाच्या माणसानं भिंगांवर पातळ थर चढवून ही गळती थोपवायची युक्ती काढली, आणि बरीच वर्षं ती गुपित म्हणून सांभाळली गेली. त्याच्याआधीच्या दुर्बिणी म्हणजे संध्याकाळी काजळीच्या काचेतून बघणं. हे ऐकून मी खरोखर हात जोडले. पण आता काय चाललंय, तर हिच्यातून नव्वद टक्के येतो आणि तिच्यातून ब्याण्णव, म्हणून ती दीड हजार डॉलरनं सरस! दोन टक्के माणसाच्या डोळ्याला कळतात होय? आमच्या दुधात इतकं पाणी रोज असतं, कुणाला कळत नाही.

यानंतर माझ्या हातून दोन गुन्हे झाले.

पहिला साधा. दुर्बीण खिडकीत ठेवलेली, काचेवर धूळ दिसली, मी सवयीनं पदरानं पुसली. गॅरेजमध्ये असा शुकशुकाट झाला की मला वाटलं कुणीतरी गेलं. लेप ओरखडतो म्हणे. आधी फुंकणीनं वारा मारायचा, मग मऊ केसांचा कुंचला, मग खास कापड. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालासुद्धा मी अंगपुसणं म्हणून जुन्या धोतराचा तुकडा वापरते.

दुसरा गुन्हा भारी. "बघ तरी एकदा," म्हणून त्यानं मला नुसती दुर्बीण तिपाईवर लावून दाखवली. समोरच्या ओकच्या झाडावरच्या खारीच्या मिशा मोजता येत होत्या, खोटं सांगत नाही. तीन लाख कुठं गेले ते दिसलं. मग मी जरा सरकवून शेजाऱ्याचं पांढरं कुंपण बघितलं. ऊन लख्ख. आणि मी बोलून गेले, "अय्या, याला जांभळा काठ आहे की!"

अहो, महाद्वार रोडच्या दुकानांतून चाळीस वर्षं साड्या निवडल्यात मी. काठ दिसणारच. पांढऱ्या फळीची एक कड बारीक जांभळी, दुसरी हिरवट. निळा आणि तांबडा उजेड काचेतून एकसारखा वळत नाही, म्हणून हा रंग सुटतो. महागड्या खास काचेनं तो बराच आवरतो, पण डोळा जरा कडेला गेला, किंवा काळ्या-पांढऱ्याचा कडक विरोध समोर आला, की चांगल्या-चांगल्यांचा पदर सुटतो. भाच्यानं डोळा लावला. पाच मिनिटं तो तिथून हलला नाही. उठला तेव्हा चेहरा उतरलेला. दोन महिने जी सर्वांगसुंदर होती, तिच्यात आता त्याला काठाशिवाय काही दिसेना. रात्री जेवताना म्हणाला, कॅनडात एक बनते, पाच हजारांच्या आसपास, तिच्यात हा काठ जवळजवळ नसतो. भाचेसुनेनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मला तिनं कशाला बोलावलं होतं आणि मी काय करून ठेवलं!

पापक्षालनासाठी मी शनिवारी त्याच्याबरोबर मैदानावर गेले. त्या दिवशी दुर्बिणीची परीक्षा होती. चार फुटांहून उंच कागद शंभर यार्डांवर उभा करायचा, त्यावर ओळंबा सोडून सरळ रेघ मारायची. ओळंबा! आणि दुर्बिणीवर पाणसळ! आमचं घर बांधणाऱ्या गवंड्यानंही एवढ्या काळजीनं भिंत धरली नव्हती. खालच्या ठिपक्यावर नेम धरून गोळी मारायची, मग चाळीस कला वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरून पुन्हा मारायची. दुसरं भोक पहिल्याच्या बरोबर ४१.९ इंच वर पडलं पाहिजे. चाळीस नव्हे हं, कला म्हणजे इंच समजणारे इथंच फसतात. मग उलटं फिरवून शून्यावर आणायचं आणि पुन्हा पहिल्या भोकात गोळी जाते का बघायचं. रूप कितीही देखणं असो, जी सांगितलेलं ऐकत नाही आणि गेलेल्या वाटेनं घरी परत येत नाही, ती दुर्बीण काय कामाची, असं यांचं शास्त्र आहे. शास्त्र मला पटलं.

भाच्याची पास झाली. मग काकांनी आपली काढली. तीनशे डॉलरची, रंग उडालेली, मोठं-बारीक काही होत नाही, कायम दहा पट. तीही पास झाली. अगदी तेवढीच. तिच्यातून बघितलं तर चित्र जरा मळकट, दूध घालून बघितल्यासारखं. पण ४१.९ ला ४१.९. कुणी काही बोललं नाही. काकांनी तिच्यावर रुमाल टाकला आणि डबा उघडला.

आणि आता सगळ्यात मोठी बातमी, जी सांगायला मी एवढा वेळ तोंड दाबून बसले होते. ते मैदान शंभर यार्डांचंच आहे! हजार यार्डांचं तीन तासांवर, तिथं जाणं होतं वर्षातनं दोनदा. शंभर यार्डांवर लावलेली दुर्बीण शंभर यार्डांवर वापरली तर कला लागतात किती? शून्य. एकशेवीस घेतल्या, वापरल्या शून्य. आणि त्या वर्षातल्या दोन वाऱ्यांत तरी काय, तर टेक्सासचं ऊन चढलं की जमिनीवरची हवा अशी थरथरते की पंचवीस पटीतून थाळी दिसत नाही, उकळत्या पाण्यात पडलेलं नाणं दिसतं. मग सगळे मुकाट्यानं फिरवून बारावर आणतात. तरी यांच्या गप्पा कशाच्या, तर न्यू मेक्सिकोत रॅटनला गाजलेल्या दोन मैलांच्या नेमबाजीच्या. ३,५२० यार्ड! तिथं लागणाऱ्या कला कुठल्याच दुर्बिणीच्या पोटात मावत नाहीत, म्हणून पुढं लोलक लावून दृश्यच वाकवून घेतात. भाचा त्या लोलकाचा फोटो बघत होता. मी फोन पालथा घातला.

तसं या वेडात आपला हात नाही असंही म्हणता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत डेव्हिडसन म्हणून एक अधिकारी होता. रायफलीला दुर्बीण जोडायच्या खटपटी करणाऱ्या पहिल्या काही जणांतला तो. त्याच्या नावाची दुर्बीण पुढं व्हिटवर्थ रायफलींच्या डाव्या अंगाला बसली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती गेली. म्हणजे रोगाचा एक जंतू मुंबईहूनच निघालेला. हे भाच्याला सांगितलं तर त्याला अभिमान वाटला. मला वाटलं होतं लाज वाटेल.

निघायच्या आदल्या रात्री मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, बस इथं. २०२४ च्या ऑलिंपिकची चित्रफीत लावली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आपला स्वप्निल कुसाळे. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. पन्नास मीटर, तीन स्थितींत, गुडघ्यावर, पालथं झोपून आणि शेवटी उभ्यानं. ४५१.४ गुण आणि कांस्य. दहाचं वर्तुळ केवढं, तर १०.४ मिलिमीटर. मी हिशेब करूनच बसले होते. "पन्नास मीटरवर ते पाऊण कलाही भरत नाही. पाऊण कला! आणि उभ्यानं मारतोय पोरगा. २०१० साली म्युनिकमध्ये आपली तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, ती याच अंतरावर, पालथं झोपून."

भाचा पुढं सरकून बघत होता. बराच वेळ गप्प. मग हळूच, "मावशी, याच्या रायफलीवर ग्लास कुठली आहे?"

"कुठलीच नाही. नियमातच बसत नाही. मागं एक बारीक भोक, पुढं एक कडं. भोकातून कडं बघायचं, कड्यात काळा ठिपका बसवायचा. एक भिंग नाही, कला नाही, काठ नाही."

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला होता. भाचेसून दारात येऊन उभी. मला वाटलं, जिंकलो. तो उठला, काही न बोलता गॅरेजमध्ये गेला, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघून पहिल्यांदा हसून घेतलं.

अर्ध्या तासानं तो फोन हातात घेऊन बाहेर आला. डोळ्यांत तीच चमक.

"मावशी, ते मागचं भोक असतं ना, त्याला डायॉप्टर म्हणतात. जर्मनीत फार सुंदर बनवतात. भोक लहान-मोठं करता येतं. आणि त्याचा क्लिक ऐक..."